समुद्र पाहून आलेली गार्डाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझा हिरवा रंग कोपऱ्यांवरून उडाला आहे. कडी लावली तरी झाकण बोटभर वर राहतं. पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं 'डो. रा. तायडे, गार्ड, मूर्तिजापूर' हे नाव आता जवळ येऊन वाचावं लागतं. माझ्या सोबतच्या पेट्या केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र या उन्हाळ्यात जहाजात बसून समुद्र पाहून आले. ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म अकोटचा. तिथल्या पुंजाजी पत्रेवाल्यानं मला घडवलं. डोमाजी तायडे तेव्हा नुकतेच गार्ड झाले होते आणि सरकारी पेटी मिळायला वेळ होता. "पेटी अशी कर, का तिच्यावर बसलं तरी वाकली नाही पायजे," असं त्यांनी पुंजाजीला बजावलं होतं. पुंजाजीनं दुहेरी पत्रा वापरला, दोन्ही बाजूंना एकेक कडं लावलं आणि स्वतःच माझ्यावर बसून पाहिलं.

मग मी शकुंतलेवर कामाला लागले. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी ती छोटी गाडी. तिच्यावर माणसं कमी आणि कामं फार. डोमाजी तिकिटं द्यायचे, फाटकं लावायचे, झेंडी दाखवायचे. माझ्या पोटात लाल आणि हिरवी झेंडी, हातबत्ती, शिटी आणि नियमांचं पुस्तक असे. शिवाय एक कोपरा त्यांनी मुद्दाम रिकामा ठेवला होता.

तो कोपरा विसरलेल्या वस्तूंचा. गाडी शेवटच्या स्टेशनात आली की सगळे उतरून जायचे, पण डोमाजी उतरायचे नाहीत. मला हातात घेऊन ते डब्याडब्यातून फिरत, प्रत्येक बाकाखाली वाकून पाहत. कधी विळा सापडे, कधी बाळाचं टोपरं, कधी दवाखान्याचा कागद. ते सारं माझ्या कोपऱ्यात जायचं आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याच्या स्टेशनात पोचायचं. एकदा तर बाकाखाली एक म्हातारबुवाच झोपलेले सापडले. त्यांना काही माझ्यात ठेवता आलं नाही. डोमाजी म्हणत, "गाडी पुरी खाली झाल्याबगर गार्ड उतरत नाही." लोक त्यांना आणि मला दोघांनाही मान देत. फलाटावर मला पाहिलं की म्हणायचे, "चला, पेटी आली, आता गाडी सुटते."

पुढे डोमाजी सेवेतून निवृत्त झाले. काही वर्षांनी शकुंतलाही थांबली. मी बाजेखाली गेले. चतुराबाईंनी, म्हणजे डोमाजींच्या पत्नीनं, माझ्यात आधी पापड ठेवले, मग कांदे. माझ्या तळाला गंज धरला. मला वाईट वाटे, पण तेव्हा घरात एक लहान मुलगी होती, म्हणून बरं होतं. ती त्यांची नात दीक्षा. तिचे वडील शेखर पुण्याला कारखान्यात होते आणि ती आजी-आजोबांजवळ शिकत होती. ती मला बाजेखालून ओढून काढी, माझ्यावर बसे आणि शिटी फुंकून सगळ्या कांद्यांना गाडीत चढवी. तीच दीक्षा मोठी झाली, परीक्षा पास झाली आणि रेल्वेत गार्ड म्हणून लागली.

तिचं रेल्वेचं प्रशिक्षण अजून चालू होतं, तेव्हाच शेखरनं आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची चार दिवसांची सहल ठरवली. त्यानं चाकांची नवी निळी बॅगही आणली.

"बाबा, जहाजावर ही पेटी पाहून लोक हसतील," तो म्हणाला.

"हसू दे. चाळीस वर्षं माही गाडी हिच्याबगर सुटली नाही. आता मी काहून सुटू?"

चतुराबाई आतून म्हणाल्या, "मले नाही नेलं तरी चालीन त्याईले. पेटी पायजे!"

शेवटी कपडे निळ्या बॅगेत गेले आणि मी माझ्या झेंड्या, बत्ती, शिटी घेऊन निघाले. बंदरावरच्या तपासणीच्या यंत्रातून मी बाहेर आले, तेव्हा तिथल्या शिपायानं मला उघडून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, जहाज तुम्हीच सोडणार का?"

जहाज म्हणजे अमरावतीची राजापेठच पाण्यावर, मित्रांनो. दुकानं, दिवे, माणसांची ये-जा. पण चतुराबाईंना करमेना. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "इतकं सारं मांडलं, पण ज्वारीची भाकर कुठी दिसून नाही राहिली." शेजारच्या चाकाच्या खुर्चीतल्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी मान वळवली.

"कुठच्या वो तुमी?"

"मूर्तिजापूरच्या."

"मंग घरच्याच की! मी अमरावतीची, राजापेठेतली. सुंदराबाई. माहेर अंजनगावचं. शकुंतलेत बसूनच सासरी आली मी."

हे ऐकलं आणि डोमाजींनी त्यांना खोलीत आणून मला दाखवलं. त्यांचा मुलगा विपुल खुर्ची ढकलत होता. सुंदराबाईंनी माझ्या नावावरून हात फिरवला. किती वर्षांनी कुणी माझ्याकडे असं पाहिलं!

तिसऱ्या दिवशी जहाज गोव्याला थांबलं आणि डोमाजींचा फोन वाजला. दीक्षा होती.

"आबा, मले डूटी भेटली! उद्या संध्याकाळी बडनेऱ्याहून मालगाडी घेऊन एकटी निघून राहिली मी. मूर्तिजापूरवरून साडेसहाच्या सुमारास जाईन, पण गाडी थांबणार नाही. तुमी फलाटावर असान न? माह्या पयल्या गाडीले तुमची हिरवी झेंडी पायजे."

"असतो बेटा," डोमाजी म्हणाले. मग त्यांनी खिशातलं परतीचं तिकीट काढून पाहिलं.

जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुंबईला लागणार होतं. त्यांचं परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं होतं. त्या गाडीनं गेलं तर दीक्षाची गाडी हुकली असती. सकाळी आठ चाळीसची गाडी मिळाली तरच संध्याकाळी सहाला मूर्तिजापूर. चतुराबाई तडक जहाजाच्या चौकशीच्या खिडकीवर गेल्या. तिथल्या मुलीनं समजावलं, की बहुतेक लोक आदल्या संध्याकाळी आपलं सामान रंगीत चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवतात, मग ते बंदरात मिळतं. पण ज्यांना आपलं सामान स्वतः उचलून नेता येतं, त्यांना सर्वात आधी, सकाळी सातला, उतरता येतं.

"म्हणजे पेटी कोणाच्या हाती द्याचीच नाही!" डोमाजी खूश झाले. त्यांना पहिल्या गटाचं कार्ड मिळालं. रात्री जेवताना त्यांनी हे सगळं सुंदराबाईंनाही सांगितलं.

सकाळी साडेसहालाच आम्ही तयार होतो. जहाज धक्क्याला लागलं होतं. इंजिनाची घरघर थांबली आणि तिथेच घात झाला. गाडी शेवटच्या स्टेशनात उभी राहिली, असंच डोमाजींच्या पायांना वाटलं असावं. त्यांनी मला उचललं आणि उतरायच्या दाराकडे जायचं सोडून ते उलट्या दिशेला चालू लागले. प्रत्येक उघड्या दारातून आत डोकवायचं, प्रत्येक बाकाखाली वाकायचं.

"अवो, काय करून राहिले?" चतुराबाई निळी बॅग ओढत मागे धावल्या.

"पाहून घेतो. कोणाचं काही रायलं असीन."

"तुमी काय या जहाजाचे गार्ड हाये का? तिकडे आपला गट जमून राहिला!"

"दोन मिनिटं."

दोन मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. शकुंतलेला डबे तीन-चार, या जहाजाला मजले अकरा! एक चष्मा सापडला, एक लहान चप्पल सापडली. दोन्ही वस्तू त्यांनी वाटेतल्या कर्मचाऱ्याला दिल्या. मग लिफ्टजवळच्या गादीच्या बाकावर रबर लावलेली एक स्टीलची डबी सापडली. डोमाजींनी ती उघडली आणि पटकन बंद केली. आत दातांची कवळी होती. त्यांनी डबी माझ्या त्या जुन्या कोपऱ्यात ठेवली. किती वर्षांनी तो कोपरा पुन्हा कामाला आला! मी सुखावले, पण तेवढ्यात भोंग्यातून पुढच्या गटांना पुकारलं गेलं आणि चतुराबाईंचा चेहरा उतरला.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. पहिला गट गेला होता. रंगीत चिठ्ठ्यांचे गट सुरू झाले होते आणि रांग जिन्यापर्यंत गेली होती.

"आता सर्वांच्या शेवटी, बाबा," दारावरचा माणूस म्हणाला. "साडेनऊ तरी होतील."

डोमाजी माझ्यावर मटकन बसले. पुंजाजीनं मला मजबूत केलं होतं, पण त्या दिवशी मलाच वाटलं की आपण वाकतो की काय.

"चाळीस वर्षात गाडी लेट नाही केली मी," ते हळूच म्हणाले. "अन् आज पोरीची... सवयीनं घात केला, चतुरा."

मला वाटलं, आता चतुराबाई बोलतील. पन्नास वर्षांचं सगळं बोलतील. पण त्यांनी निळी बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "डब्बी दाखवा." डबी पाहताच त्या म्हणाल्या, "हे तं सुंदराबाईचे दात! न्याहारी झाली का रोज याच डब्बीत काढून ठेवते. उठा. आपलं गेलं ते गेलं, तिचं तं देऊन टाकू."

सुंदराबाईंच्या खोलीत गोंधळ चालला होता. विपुल गाद्या उलटून पाहत होता. खुर्ची न्यायला आलेली जहाजाची दोन माणसं दारात ताटकळत होती. सुंदराबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या.

"बिना दाताची मी चार लोकाईत जात नाही. तुह्या बापासमोर नाही गेली कधी!"

डोमाजींनी मला उघडलं आणि डबी पुढे केली. सुंदराबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, दात बसवले आणि वळून पहिला प्रश्न विचारला, "तुमी तं सातलेच उतरणार होते न? पोरीच्या गाडीले?"

चतुराबाईंनी काय घडलं ते सांगितलं. सुंदराबाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. मग त्या विपुलला म्हणाल्या, "आपल्याले वेगळी वाट हाये न उतराची? खुर्चीवाल्याईची?"

"हो आई. पण आपल्यासोबतच्या माणसांनाच..."

"मंग हे आपल्यासोबतचे नाही तं कोणाचे? माहे दात आणले त्याईनं!"

जहाजाच्या माणसांनाही हसू आलं. त्यांनी चौकशीला फोन लावला, कार्डं पाहिली आणि म्हणाले, "चला." सुंदराबाईंनी हात पसरले. "पेटी माह्या मांडीवर द्या. दोघं हात मोकळे ठेवा अन् पाय उचला." डोमाजी नको नको म्हणत राहिले, पण त्यांनी ऐकलं नाही. मी लाकडी फळ्यांवर बसले आहे, फलाटावर बसले आहे, बाजेखाली राहिले आहे. माणसाच्या मांडीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

आठला पाच कमी असताना आम्ही धक्क्यावर होतो. विपुलनं टॅक्सी थांबवली. सुंदराबाईंनी मला परत दिलं. "झेंडी नीट दाखवजा," त्या म्हणाल्या. आठ चाळीसच्या गाडीत साध्या डब्यात आम्ही चढलो. जागा नव्हती. इगतपुरीपर्यंत चतुराबाई माझ्यावर बसल्या आणि पुढे डोमाजी.

मूर्तिजापूरला आम्ही सहा वाजून दहा मिनिटांनी उतरलो. ऊन अजून फलाटावर होतं. ड्युटीवरचा रेल्वे कर्मचारी गोपाल डोमाजींना ओळखत होता. "जय भीम, बाबा! झेंडी सरकारी मीच दाखवीन. तुमी तुमची दाखवा, पण माह्या मांगं उभं राहून."

साडेसहा झाले, पावणेसात झाले. मग रुळांतून आवाज आला. मालगाडी धडधडत आली, डब्यामागून डबा गेला आणि शेवटच्या डब्याच्या ओट्यावर पांढऱ्या गणवेशात दीक्षा उभी होती. गोपालनं झेंडी धरली. त्याच्या मागे डोमाजींनी माझ्यातली जुनी, विटलेली हिरवी झेंडी उंच केली. दीक्षा हसली नाही. ड्युटीवरचा गार्ड हसत नाही. तिनं सरळ हातानं आपली हिरवी झेंडी दाखवली, आणि गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच धरून ठेवली.

डोमाजींची झेंडी खाली यायला वेळ लागला. मग ते वाकून बाकांखाली पाहू लागले.

"पाहून घ्या," चतुराबाई म्हणाल्या. "म्या नाही म्हटलं का?" आणि निघताना त्यांनी माझं एक कडं स्वतः धरलं. दुसरं डोमाजींनी धरलं. दोन कडी असलेली पेटी दोघांनी उचलायची असते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आता मी बाजेखाली नाही. दीक्षानं माझा गंज घासून काढला आणि दाराजवळ माझी जागा केली. रेल्वेनं तिला चाकांची बॅग दिली आहे, म्हणून मी तिच्यासोबत जात नाही. पण माझी शिटी जाते.

मित्रांनो, तुमच्याही घरात बाजेखाली किंवा माळ्यावर माझ्यासारखं कुणीतरी पडलं असेल. त्याला बाहेर काढा, फडक्यानं पुसा आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हे काय काम करत होतं? आणि कुठल्याही गाडीतून उतरताना एकदा वाकून बाकाखाली पाहत जा. कुणाचं काही राहिलं असेल तर ते त्याचं त्याला पोचतं करा.