बाळाबाईंची लाईन

"आधी एकदा लागतंय, मग तुटतंय, आन् तुटलं की पुन्हा लागतच न्हाई," आण्णा म्हणाले. "यष्टीचं इंजिन असतं तर मीच उघडून बघितलं असतं. ह्याच्यात उघडायचं काय?"

मी कीबोर्डवरून मान वर केली नाही. मी आधीच तापलो होतो. शाहूपुरीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान अर्धवट बंद करून कसबा बावड्याला तिसऱ्यांदा आलो होतो, आणि बिघाड काही हाताला लागत नव्हता. अख्ख्या कोल्हापुरात लिनक्सवर मोडेम चालवून देणारा मी एकटा, असं मीच लोकांना सांगत फिरायचो. आता निस्तरा म्हणावं!

आण्णा म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बाबासाहेबांची, आणि त्याखाली लेकीनं, क्रांतीनं, जर्मनीला जाताना बसवून दिलेला कॉम्प्युटर. "व्हायरस लागत न्हाई म्हणून लिनक्स घातलंय," असं सांगून ती विमानात बसली. रोज दिवेलागणीला आण्णा बटण दाबायचे, मोडेम फोनच्या तारेवरून नंबर फिरवायचा, आणि क्रांतीची मेल यायची. म्हणजे यायला हवी होती.

पहिल्या खेपेला मी लाईन तुटल्यावर आपोआप पुन्हा डायल होईल अशी सेटिंग करून दिली. दुसऱ्या खेपेला लक्षात आलं, की तुटलेल्या जोडणीची खूण मशीन पुसतच नाही, मोडेम अजून कामात आहे असं समजून गप्प बसतं. तेही दुरुस्त केलं. आणि आज परत तेच.

"लावा आण्णा," मी म्हणालो.

मोडेमचे तांबडे दिवे लुकलुकले. टुंई टुंई झालं, मग ती ओळखीची किंकाळी, मग खरखर. बाहेर वैशाखातलं ऊन उतरत होतं, अंगणातला मोगरा फुलत होता, आणि त्या पिवळ्या उजेडात तो कर्कश आवाजसुद्धा क्षणभर कुठूनतरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटला. लाईन लागली. मेल उतरायला लागली, आणि खट्! तुटली. मशीननं पुन्हा प्रयत्न केला. पडद्यावर ओळ उमटली : नो डायलटोन. परत तीच. परत तीच.

डायलटोनच नाही? म्हणजे आमची लाईन कुणीतरी धरून बसलंय! मी उठलो आणि भिंतीवरची तार चाचपत निघालो. तार दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत गेली होती.

आत बाळाबाई, आण्णांच्या घरच्या, पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात ताट. कानाला जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर.

"जेवलीस का गं?" रिसीव्हरमधल्या खरखरीला त्या विचारत होत्या. "थंडी हाय का तिकडं? डोक्याला बांधत जा."

माझ्या मागं आण्णा येऊन उभे राहिले.

"आण्णा, घरात दुसरा फोन हाय हे सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही इचारलं कवा?"

बाळाबाईंनी रिसीव्हर मांडीवर ठेवला आणि जेवायला सुरुवात केली. भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवत होत्या, सावकाश, अगदी तृप्त चेहऱ्यानं.

बाहेर येऊन आण्णांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांत बाळाबाईंचं सगळं पुसत चाललं होतं. शेजारीण, भाऊ, स्वतःचं माहेर मुरगूड, एकेक गेलं. "मलाबी पावणं म्हणती," आण्णा हसत म्हणाले, पण ते हसणं बघवेना. उरलं होतं फक्त क्रांती हे नाव. क्रांती नवीनच परदेशी गेली तेव्हा मोडेम ओरडला की आण्णा म्हणायचे, "आली बघ तुझी पोरगी." ते डोक्यात बसलं. रविवारी खरोखर क्रांतीचा फोन वाजला, की बाळाबाई "राँग नंबर" म्हणून ठेवून देत. पण हा आवाज आला की धावत जाऊन फोन उचलत, आणि मगच घास घेत.

"त्यो आतला फोन काढून टाकला तर?" मी विचारलं.

"बघा काढून," आण्णा म्हणाले.

काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आण्णा दुकानात हजर. मेल सगळ्या नीट उतरल्या होत्या, फोटोंसकट. बाळाबाई मात्र फोनच्या रिकाम्या जागेपुढं उभ्या राहिल्या होत्या आणि उपाशी झोपल्या होत्या.

"बसवा परत," आण्णा म्हणाले. "मेल ऱ्हाऊ दे तिकडं. पौर्णिमेला क्रांती येतीया. तवर तेवढं नाव हिच्या डोक्यात ऱ्हायला पायजे. बाकी काय न्हाई मागत मी."

मी फोन परत बसवला. बाळाबाईंचं जेवण झालं, की आण्णा हळूच रिसीव्हर जागेवर ठेवत. मग मशीन, या खेपेला आवाज न करता, पुन्हा डायल करी आणि मेल उतरे. एवढी सोय मी करून दिली आणि स्वतःवर खूश झालो.

बुद्धपौर्णिमेला त्यांनी मला खिरीला बोलावलं. क्रांती पहाटेच आली होती. सणाची पांढरी साडी, पण डोळे सुजलेले. सकाळपासून ती आईच्या मागं मागं फिरत होती. बाळाबाई तिच्याशी फार प्रेमानं वागत होत्या, जसं पाहुण्याशी वागावं तसं. "बसा की बाई. खीर घ्या. लांबनं आलायसा."

दिवेलागणीला आण्णांनी बटण दाबलं. का दाबलं कोण जाणे, सवयीनंच असेल. मोडेम ओरडला. क्रांती आईचा हात धरून बसली होती. बाळाबाईंनी तो झटकला.

"सोडा वो बाई! माझी क्रांती आलीया."

आणि त्या आत धावल्या. क्रांतीचा हात तसाच हवेत राहिला. मला तिथं थांबवेना. चप्पल सापडत नव्हती म्हणून स्वतःवरच चिडलो, आणि अनवाणीच गाडीला किक मारली.

वाटेत मात्र डोकं चालू होतं. आवाज आल्यावर त्या फोन उचलतात. बोलतात. पलीकडून उत्तर मिळत नाही, एवढंच ना? च्यायला, मग द्यायचं की उत्तर!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या मशीनमध्ये माझ्या दुकानाचा नंबर घातला. आपोआप पुन्हा डायल करायची ती सेटिंग, जिच्यासाठी मी एवढा झगडलो होतो, स्वतःच्या हातानं काढून टाकली, नाहीतर मशीन बोलण्याच्या मधेच पुन्हा नंबर फिरवत बसलं असतं. क्रांतीला समजावलं : "हिकडनं मोडेम माझ्या दुकानातल्या मोडेमला लागंल. आवाज हुईल. मावशी आतला फोन उचलतील. मी दुकानातला रिसीव्हर उचलीन आणि माझा मोडेम तारेतनं काढीन. खरखर थांबंल, हितला मोडेमबी आपोआप सुटंल, पण लाईन तशीच ऱ्हाईल. मग तू हितला बाहेरच्या खोलीतला फोन उचल आणि बोल."

"आणि तिनं ओळखलं नाही तर?"

"तर माझं नाव बदल."

बोललो खरं, पण संध्याकाळी दुकानात मोडेमची तार चारदा तपासली. रस्त्यावर दिवे लागत होते, उदबत्तीचा धूर शटरपाशी रेंगाळत होता, कुणाच्यातरी रेडिओवर गाणं चाललं होतं, आणि सगळं जग जणू अर्धवट झोपेत होतं. घंटी वाजली, माझ्या मोडेमनं फोन घेतला. दिवे लुकलुकले. किंकाळी उठली. मी रिसीव्हर उचलला आणि मोडेमची तार उपटली.

खरखर थांबली. इतकी शांतता, की पलीकडचा श्वास ऐकू आला.

"जेवलीस का गं?" बाळाबाई.

मी मनातल्या मनात ओरडलो, बोल की पोरी!

"व्हय आई," क्रांती म्हणाली. "जेवले."

"अगं बया!" बाळाबाईंचा आवाजच बदलला. "आज बोललीस व्हय गं! किती दिसांनी बोललीस! क्रांते, माझ्या वासरा!"

"हाय मी, आई."

"लई लांबनं बोलतीस न्हवं? आवाज कसा जवळनं येतुया."

एका भिंतीच्या अलीकडं आणि पलीकडं दोघी बसल्या होत्या. मी तोंडावर हात दाबून धरला.

"कवा येतीस घरला?"

क्रांती रडत होती, मला कळत होतं. बाळाबाईंना कळू नये म्हणून ती फोनपासून तोंड बाजूला घेत असावी.

"येते की आई. तू आधी जेव."

"जेवते, जेवते. तू ठिवू नगंस." मग ताट सरकल्याचा आवाज आला, आणि जरा लांबून, "पावणं, वाढा की. माझी पोरगी आलीया फोनवर."

दुकानाच्या दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. त्यानं काहीतरी विचारलं. मी बोटानं त्याला गप्प बस म्हणून खुणावलं आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी ठेवला असता तर लाईन तुटली असती.