पॅक, दाजी

प्रितेश हरला की पॅकमुळे हरायचा. त्याची स्वतःची चूक अशी कधी नसायचीच. कामोठ्यातल्या दाजींच्या गेमिंग कॅफेत तो माइनक्राफ्टमध्ये तलवारबाजी करायचा, रोज मार खायचा आणि हेडफोन काढता काढता निकाल सांगून टाकायचा, "पॅकच बेकार हाय."

टेक्स्चर पॅक म्हणजे गेमला घालायचे कपडे. खेळ तोच, नियमही तेच, फक्त तलवार, गवत, आग वेगळी दिसते. मूळ गेममध्ये अंगाला आग लागली की ज्वाळांनी अर्धी स्क्रीन भरते आणि समोरचा दिसत नाही, हे खरं. म्हणून स्पर्धेत उतरणारी मुलं आखूड तलवारीचा, बुटक्या आगीचा पॅक घेतात आणि खेळायला लागतात. प्रितेश मात्र लग्नाला मुलगी बघावी तसे पॅक बघत होता. एकाची आग बरी, तर सफरचंद फिकट. दुसऱ्याची तलवार देखणी, पण गवत फारच हिरवं. तिसऱ्यात काही खोट निघेना, म्हणून तोही नाकारला. मोठी बहीण प्रांजल म्हणाली, "नवरीचा पन येवरा कोन बगत नाय. खेलतंस कदी?" पॅक बघण्यातून खेळायला वेळच मिळत नव्हता, हे तिला कोण सांगणार.

कॅफेच्या टीममध्ये एक जागा रिकामी झाली होती आणि टीम पुण्याला स्पर्धेला जाणार होती. आजवर टीम खेळायची तेव्हा प्रितेश मागे उभा राहून बघायचा, कोणी मागितली की पाण्याची बाटली द्यायचा. ती जागा त्याला फार हवी होती. दाजींनी ठरवलं, प्रितेश आणि मुआजने एक सामना खेळायचा, जिंकेल तो पुण्याला. मुआज किराणावाल्याचा मुलगा, मूळ गेमच खेळायचा. "दिसतं की सगळं," म्हणायचा. असल्या अडाणी माणसाकडून आपण रोज हरतो, याचं प्रितेशला फार वाईट वाटे.

दाजींना संगणकातलं चालू आणि बंद एवढंच कळायचं. त्यांची खरी विद्या तीन पत्ती. गोकुळाष्टमीला बसले की उजाडल्यावरच उठायचे, आणि कॅफेतही त्यांची भाषा पत्त्यांचीच. सामना सुरू करा म्हणायचं तर ते "वाटा पानं" म्हणायचे.

रविवारी दाजींनी फळ्यावर दोघांची नावं लिहिली आणि "वाटा पानं" म्हणाले. मुआज तयार होऊन बसला. प्रितेशला ऐन वेळी वाटलं, ट्यूबलाइटच्या उजेडात आपली तलवार जरा निळसर दिसतेय. त्याने पॅक बदलला. तो आवडेना, म्हणून काढून जुना घातला. मग तिसरा. मागे जमलेली पोरं जांभया देऊ लागली. शेवटी दाजींनी खुर्चीतूनच विचारलं, "काय रं प्रितेश, खेलतंस का पॅक?"

हेडफोनमधून प्रितेशला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला, आणि तेव्हाच पॅक लोड झाला. आग बुटकी, तलवार आखूड, गवत अगदी मनासारखं. त्याला धन्य वाटलं.

"पॅक, दाजी," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "एकदम पॅक."

दाजींनी मान डोलावली, फळ्यावरचं त्याचं नाव पुसलं आणि मुआजच्या नावापुढे 'पुणे' लिहिलं.

तीन पत्तीत पॅक म्हणजे पानं टाकली, डाव सोडला. हे प्रितेशला चांगलं ठाऊक होतं. दर अष्टमीला दाजींच्याच मागे बसून तो डाव बघायचा. फळा दिसताच तो हेडफोनसकट उठला. "दाजी, मी गेमच्या पॅकचा बोलत व्हतो."

"त्याला तसं म्हणायचं नव्हतं, दाजी," मुआजही म्हणाला. "खेळू द्या त्याला. वल्लाह, मला चालेल."

"टाकलेली पानं कोन परत उचलतं का?" दाजी म्हणाले. "मी इचारला, त्यानी सांगितला. सगल्यांनी आयकला."

सगळ्यांनी ऐकलं होतं खरं. मुआज त्याची बाजू घेतो, हे तर प्रितेशला पुसलेल्या नावापेक्षाही जास्त झोंबलं. समोर स्क्रीनवर बुटकी आग नीट जळत होती आणि त्याला रडू येत होतं.

घरी प्रांजल विळीवर बोंबील साफ करत बसली होती. त्याचं तोंड बघून तिने विचारलं, "हरलास?"

"हो."

"कशानी?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे खरं उत्तर होतं.

"पॅकमुले," तो म्हणाला.

प्रांजलने पुढचा बोंबील उचलला. "दर येलेला तुजा ह्योच," ती म्हणाली.