प्याल्याच्या टायमाला

बसा पाव्हनं, फुडल्या सीटवर बसा. हॉर्न वाजवून काय उपासना लौकर सुटत न्हाई. खुटबावची मंडळी ह्या ख्रिस्ती देवळातनं भाईर आल्याबिगर माझी जीप हलायची न्हाई. तवर एक गोष्ट सांगतो. तुमी पडला तळेगाव ढमढेऱ्याचे, हिकडं कुणाला वळखत न्हाई, म्हून तुमाला सांगाया हरकत न्हाई. त्या लिंबाखाली दोघं बसल्यात न्हवं? मान वळवू नका. आरशात बघा.

ती गिताबाई. आन् तिच्यापासनं हातभर लांब बसलाय, त्यो भिमाजी. लोक म्हनत्यात, ह्यांचं कायतरी हाय.

मला समदे इनुसभाय म्हनत्यात. म्हैन्याच्या पयल्या रविवारी ह्या ख्रिस्ती मंडळीला दौंडाला आनतो. त्या दिशी त्यांच्यात भाकरीचा तुकडा आन् द्राक्षाच्या रसाचा प्याला देत्यात. येशूनं समद्यांच्या पापाची शिक्षा सवताच्या अंगावर घेतली, त्याची आठवन. पर मनात पाप दडवून घेतला तर त्योच प्याला बाधतो म्हनं.

गिताबाईचा पोरगा सुमित गेला, आन् तवापासनं ती प्याल्याच्या टायमाला उठायची, भाईर येऊन जीपपाशी बसायची. मग काय! माघारी जाताना जीपमधी बायका तिच्याम्होरंच सुरू.

"पाप केल्याबिगर कुनी प्याला सोडतं का गं?"

"पोरगं पिऊन मेलं. आई काय धड आसनार?"

गिताबाई आपली भाईरचा ऊस बघत बसायची.

खरं सांगू? संशय मला बी व्हता. सुमितला दवाखान्यात मीच नेलं, गिताबाई बी संगं व्हती. दिवेलागनीला यवतच्या अलीकडं मोटारसायकल पडलेली, आन् रस्त्यावर दुसरं काय न्हाई. मोकळ्या रस्त्यात पडला म्हंजी पिलेलाच, आसं समद्यांनी ठरवून टाकलं. पर मागच्या सीटवर पोरगं आईच्या कानात कायतरी बोललं. मला ऐकू आलं न्हाई. दवाखाना यायच्या आधीच गेलं ते. म्हनलं, हिच्याच हातनं काय चुकलं का काय, म्हून प्याला सोडती?

आता ह्यो भिमाजी. मंडळीतला मोठा मानूस. ट्रॅक्टर-ट्रॉलीनं ऊस व्हातो. देवळात प्याल्यांचा ट्रे ह्योच फिरवायचा. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यानं ट्रे दुसऱ्याच्या हातात दिला आन् गिताबाईच्या मागं भाईर आला. मी जीपखाली पडून ग्रीस भरत व्हतो. मला निस्ते पाय दिसत व्हते. त्याचे चपलातले, तिचे अनवानी.

"वैनी, ती ट्रॉली माझी व्हती."

"ठावं हाय."

"पंक्चर झाली म्हून रस्त्यातच उभी केलेली. मागं दिवा नव्हता. पोरगं येऊन धडकलं, आन् मी... तशीच वढून नेली."

"ठावं हाय म्हनलं न्हवं. सुमितनं सांगितलं."

चपला मागं सरकल्या.

"मग तुमी बोलला का न्हाई कुठं?"

"तुमच्या हातनं प्याला घ्यायचा म्हंजी तुमाला माफ केलं आसं देवाफुडं म्हनायचं. खोटं कसं म्हनू?"

"देवानं माफ केलंय मला, वैनी. लई रडलो त्याच्याम्होरं."

"केलं आसंल. त्याचं पोरगं तिसऱ्या दिशी उठलं, भिमाजी. माझं मातीत हाय. आन् वर दारुडं म्हनून."

ग्रीस माझ्या तोंडावर टपकत व्हतं, पाव्हनं.

"मी काय करू, सांगा."

"मला काय इचारता? आत जाऊन सांगा. पोरगं पिलेलं नव्हतं म्हनावं. मग ट्रे माझ्याकडं आना. बघू."

मी खालनं निघालो तवा गिताबाईनं मला बघितलं.

"इनुसभाय, तुमी बोलायचं न्हाई. तुमी बोलला तर ह्यो घावला म्हनतील. त्यानं सवता बोलाया पायजे."

म्हून आजवर गप हाय. तवापासनं दोघं बी भाईर बसत्यात. बायकांना नवा इषय गावला, "ह्या वयात काय सुचलं बाई!" दोघं ऐकून घेत्यात. भिमाजी दर खेपंला उठतो, पायरीपत्तुर जातो, टोपी काढतो, पुन्ना डोक्यावर घालतो आन् माघारी येतो. नाटकं करतोय आसं वाटायचं मला. मागच्या म्हैन्यात तोंडावर म्हनलं, "मामा, पायरी झिजंल." एरवी शिवी हासडनारा गडी, टोपी सारखी करत लिंबाखाली जाऊन बसला.

थांबा. उठला बघा.

आज टोपी लिंबाखालीच ठिवली. चपला बी काढल्या. चढला की वो पायरी! आन् ही बघा, हिनं पदर डोक्यावर घेतला. ती बी उठतीय.

पाव्हनं, तुमाला उशीर झालाय, कळतंय मला. पर हॉर्नवरला तेवढा हात काढा.