एका घरात तीन अँटिव्हायरस

कॉम्प्युटर चालू केला, चहा केला, प्यायले, कप विसळून ठेवला, तरी पडद्यावरचं चाक गरगरतच होतं.

मी घरी बसून भरतकामाची डिझाइन बनवते. कारखान्यातलं यंत्र माझी फाइल वाचतं आणि तसे टाके घालतं. सात वर्षं मधला दलाल माझी डिझाइन स्वतःची म्हणून खपवत होता. मी डोळे फोडायचे, शाबासकी त्याने घ्यायची. मग कारखान्याच्या मॅनेजरबाईंना ते कळलं आणि त्यांनी थेट मलाच फोन केला, "गुरुवारी पाचपर्यंत फाइल द्या. जमलं तर पुढचं काम तुमच्या नावाने." आज गुरुवार होता, सकाळचे नऊ वाजले होते आणि दर टाक्याला प्रोग्राम गोठत होता.

दीर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणून घरात तो तज्ज्ञ. आज नेमका सुट्टीवर होता.

"वहिनी, हा डबा भंगारात द्या."

"आणि फाइल काय भंगारवाला पाठवणार?"

"उद्या बघतो ना निवांत."

त्याचा उद्या मी अकरा वर्षं बघतेय. अजून उजाडलेला नाही.

आधी वेलीचं अर्धवट डिझाइन पेनड्राइव्हवर घेतलं. मग कॉम्प्युटरबरोबर आपोआप काय काय सुरू होतं, ती यादी उघडली. दोन वर्षांपूर्वी देऊन टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम अजून रोज सकाळी उठून प्रिंटर शोधत होता. त्याच्या खाली अँटिव्हायरस. त्याच्या खाली अँटिव्हायरस. त्याच्या खाली आणखी एक.

चौकशी बसवली. पहिला सासऱ्यांनी टाकलेला, पेपरात वाचून. त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून दिराने दुसरा टाकला. आणि दोघांपैकी कुणाला दुखवायला नको म्हणून माझ्या नवऱ्याने गुपचूप तिसरा. आमच्या घराची रीतच ही. कुणी कुणाचं काढत नाही, वर आपलं ठेवतं. कपाटात तीन टॉर्च आहेत, सेल एकीतही नाही. इथे माझी एक फाइल उघडायची तर तिघे तिची झडती घेत होते, मग एकमेकांची. आणि कॉम्प्युटरबरोबर आलेला राखणदार होताच, त्याला या तिघांनी झोपवून ठेवलं होतं.

"माझा ठेव हं, सूनबाई," सासरे दारातून म्हणाले. "मी सगळ्यांत आधी टाकलाय."

"तिन्ही काढतेय, बाबा. तक्रारी पाच वाजल्यानंतर."

"मग राखण कोण करणार?"

"कॉम्प्युटरचा स्वतःचा राखणदार आहे. आणि वर मी आहे."

एकेक काढला, दर वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. घरचा राखणदार जागा झाला, ते डोळ्यांनी बघून घेतलं. यादीतलं नको ते सगळं बंद केलं. डिस्क गच्च भरली होती. जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर नेले, कचऱ्याची टोपली रिकामी केली, साठलेल्या तात्पुरत्या फाइली पुसल्या. राहिले ते 'नंतर करा, नंतर करा' म्हणत सगळ्यांनी ढकललेले अपडेट. ते लावले आणि पडद्यावर आलं: बंद करू नका. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. दुपारचे दोन वाजून गेले.

"मेला ना शेवटी?" म्हणत दीर आला आणि त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"हात मागे!"

मी एवढ्या जोरात ओरडले की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. बघितलं आणि लेकालाच म्हणाल्या, "तिचं काम आहे. तू हो बाहेर."

पावणेतीनला पडदा उजळला. चाक नाही, काही नाही. प्रोग्राम पटकन उघडला आणि टाके माझ्या हाताबरोबर पळायला लागले. उरलेली सगळी वेल मी एका बैठकीत संपवली, पानांच्या शिरांसकट. चार वाजून वीस मिनिटांनी फाइल गेली.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, तिला कुलूप होतं. मी वाचत, चुकत, पुन्हा करत शिकले. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो.

पाचला मॅनेजरबाईंचा फोन आला. पाठीमागे यंत्र खडखडत होतं.

"लावलंय यंत्रावर. धागा एकदाही तुटला नाही हो! पुढची सहा तुम्हीच करायची. नोंद कुणाच्या नावाने करू?"

घरातले सगळे दाराशी उभे होते. मी खुर्चीत ताठ बसले आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. सावकाश, मोठ्याने, त्या यंत्राच्या आवाजावरून.