पालकाची सही

सकाळची बांधणीची कामं आटोपली की घरातली शाळा भरायची. पुस्तकं बांधून पोट भरणारी ती विधवा बाई कागदाचा मोठा ताव टेबलावर पसरायची आणि तिची दहा वर्षांची लेक बारकी तो दुमडत जायची.

"अर्धा," आई म्हणायची. "पाव. आता?"

"अष्टमांश."

बारकीला कमी ऐकू येई. शाळेत दोन वर्षं ती मागच्या बाकावर 'ढ' म्हणून बसली. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या बाईंचं निम्मं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नसे. घरी आईचे ओठ समोर असत. वर्षभरात पोरगी घडाघडा वाचू लागली होती.

घरी शिकवायचं तर शिक्षण कार्यालयाची परवानगी लागे. पाठांची वही, डॉक्टरचा दाखला, सगळं जोडूनही अर्ज परत आला, एका रिकाम्या रकान्यामुळे: 'वडिलांची किंवा जबाबदार पुरुष नातेवाइकाची सही.'

तिने दिराला बोलावलं. चहा घेऊन त्याने पेन मागितलं, मग थांबला.

"सही करतो, वहिनी. पण पोरीला आमच्याकडे पाठवा. जुळी झाल्यापासून आमच्या हिला उसंत नाही. बारकी तशीही घरातच असते."

"ती घरात शिकते, भाऊजी."

"ऐकू न येणारीला शिकून काय करायचंय? सही नसेल तर पुन्हा त्याच बाकावर बसेल. विचार करा."

बारकी त्याच्या ओठांकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. आईने अर्ज त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

"विचार झाला. चहा संपवा आणि निघा."

तो गेल्यावर तिने रकान्यातले छापील शब्द खोडले, वर 'आई' लिहिलं आणि खाली स्वतःची सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, हे नियमात बसत नाही. घरात कोणी कर्ता माणूस नाही का?"

"मीच आहे. नियम दाखवा."

त्याने वैतागून नियमावली उघडली आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"काका, इकडे बघून बोला," बारकी म्हणाली. मग पुस्तक आपल्याकडे फिरवून तिने मोठ्याने वाचलं, "पालक म्हणजे मुलाचा सांभाळ करणारी व्यक्ती."

पुरुषाची अट नियमात नव्हतीच. कधीतरी कोणीतरी ती अर्जात घातली होती आणि वर्षानुवर्षं छापली जात होती. आवाज ऐकून आतले साहेब बाहेर आले. पद्धत अशीच आहे, म्हणाले.

"मग आई ही पालक नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या," आई म्हणाली.

"असं कसं लिहून देणार?"

"जे तोंडी सांगता, तेच लिहायचंय."

रांगेतली एक नर्स पुढे आली. नवऱ्याने टाकलेली. "मलाही द्या. माझा अर्ज याच सहीपायी दोनदा परत आलाय." तिच्यामागून आणखी दोघी उठल्या.

साहेबांनी काहीच लिहून दिलं नाही. चारही अर्ज मात्र घेतले.

दीड महिन्याने परवानगी आली, फक्त एका वर्षाची. रकाना अजून तसाच छापला जातो. तो काढावा म्हणून चौघींनी वरिष्ठांना लिहिलंय; उत्तर नाही. तोवर दर मंगळवारी त्यांच्यातली एक कार्यालयाच्या दारात उभी असते आणि अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते, "कोणाच्या पाया पडू नका. सही तुमचीच करा."