तोंडाकडं बघून

आमच्या घरात कोणी हळू बोलत नाही. बोलणार तरी कसं? खाली मालकाचा टॉवेलचा कारखाना, त्याच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या. अप्पा त्याच मागांवर विणतात. सकाळी माग सुरू झाले की भांडीसुद्धा खडखडतात. मग आमची अव्वा, म्हणजे आई, चहासाठी ओरडते, आणि ओरडूनही भागलं नाही की आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघून ओळखतो. ह्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

बी.कॉम. झाले, नोकरी शोधायला लागले, तेव्हा कळलं. मोबाइलच्या दुकानात मालक म्हणाला, "मॅडम, भांडायला आलाय का?" कुरिअरच्या ऑफिसातल्या साहेबानं तर पत्ता ऐकूनच नाक मुरडलं. म्हणे, तुमच्या वस्तीतल्यांना गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. असला राग आला! चांगलं सुनावणार होते, पण सुनावलं असतं तर त्याचंच खरं झालं असतं की.

म्हणून जुळे सोलापुरातल्या दातांच्या दवाखान्यातली जागा मला हवीच होती. तिथं काम करणारी माझी मैत्रीण अंकिता लग्न होऊन टेंभुर्णीला चालली होती. तिनंच डॉक्टरांना माझं नाव सांगितलं. "एवढंच कर बाई, हळू बोल," म्हणाली. मी आरशासमोर उभी राहून हळू बोलायचा सराव केला. हे जमलं नाही तर खाली टॉवेलच्या कडा शिवायला बसायचं, हे घरात कोणी न बोलता ठरलेलंच होतं.

रिक्षातून उतरून दवाखान्यात शिरले. डॉक्टर एका आजींचा दात बघत होते. मुलाखतीला मला आतच बोलावलं. त्यांच्या तोंडावर मास्क. ते काहीतरी बोलले. मला नुसती कुजबुज ऐकू आली. कारखान्यात मालकाचं बोलणं कळलं नाही तर कोणी परत विचारत नाही. मान हलवायची, मग शेजारच्याला विचारायचं. माझीही मान हलली.

"हो सर."

आणि तिथंच उभी. ते पुन्हा बोलले. मी पुन्हा "हो सर," अगदी गोड आवाजात. शेवटी वैतागून त्यांनी मास्क खाली ओढला.

"अहो, हो काय? बाहेरच्या पेशंटला आत पाठवा म्हणतोय मघापासून!"

"मास्कमुळं कळलं नाही, सर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग उतरला होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"जरा भिंतीकडं तोंड करून उभ्या राहा."

मी वळले. आता काहीतरी विचारतील, आता विचारतील, म्हणून जीव मुठीत धरून उभी. मग तेच माझ्यासमोर आले.

"दोन-तीनदा हाक मारली मी तुम्हाला."

अगं बाई! मी घाईनं म्हणाले, "सर, समोरून बोललात की सगळं कळतं. मला कॉम्प्युटर येतो, हिशेब येतो. खुर्ची फक्त तुमच्याकडं तोंड करून ठेवा." हे सगळं मी ओरडून सांगत होते. खुर्चीतल्या आजी दचकून बघायला लागल्या.

"मी आतून हाक मारणार, तुम्ही बाहेर बसणार. कसं जमायचं?" ते म्हणाले. "कान मात्र लवकर तपासून घ्या." माणूस वाईट नव्हता. त्यानंच जास्त जीव जळला.

घरी येऊन अव्वाला "कळवतो म्हणाले" एवढंच सांगितलं. तेवढ्यात लाइट गेली आणि खालचे माग थांबले. खिडकीशी माझी धाकटी बहीण वैष्णवी पाठमोरी बसून वाचत होती. तिला पोलिसात भरती व्हायचंय. पहाटे मैदानावर पळून पळून पोरगीच्या टाचा फुटल्यात, तरी एक दिवस चुकवत नाही. भरतीत डॉक्टरी तपासणी असते, कानाचीसुद्धा.

डॉक्टर बोलले असतील तेवढ्याच आवाजात मी दारातून म्हणाले, "वैष्णवी."

तिनं पान उलटलं.

मी एक पाऊल पुढं टाकलं. "वैष्णवी." आणखी एक. "वैशू, इकडं बघ की गं." देवा, एकदा तरी वळू दे हिला.

मी तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले, तरी ती वाचतच होती.