आईंच्या झाडाची झोप

"हात लावून बघ गं, गार लागतंय का?" बाबांनी विचारलं.

मी बाळाचे तळवे चाचपले. "नाही बाबा, छान उबदार आहेत."

"तिला नाही गं, याला!"

माझे सासरे हीटरशेजारी कुंडीपुढे उकिडवे बसले होते. कुंडीत कमरेएवढं स्प्रूसचं, ख्रिसमस ट्रीसारखं झाड, त्याच्या अंगाभोवती बाबांचं जुनं जाड जॅकेट आणि खाली फरशीवर सुयांसारख्या पानांचा सडा.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे झाड वीतभर रोप असताना आणलं होतं. दर हिवाळ्यात त्या कुंडी मागच्या उघड्या गॅलरीत नेऊन ठेवायच्या. चार महिन्यांपूर्वी त्या गेल्या. थंडी पडली तशी बाबांनी कुंडी आत घेतली. पस्तीस वर्षं ते शीतगृहात मेकॅनिक होते. संध्याकाळी घरी आले की कपड्यांतून गारठा यायचा, म्हणून आई त्यांना जॅकेट दाराबाहेरच काढायला लावत.

"जन्मभर थंडीच आणली मी घरात," बाबा म्हणाले होते. "तिच्या झाडाला तरी ऊब मिळू दे."

ऊब मिळत होती, पाणी मिळत होतं, तरी पानं गळतच होती. काय चुकतंय ते आम्हा दोघांनाही कळेना.

"मेलंय ते, बाबा," माझा नवरा जेवताना म्हणाला. "कशाला उगाच?"

बाबा भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी बाळाला पोटाशी बांधून, एक डहाळी घेऊन मी नर्सरी गाठली.

"ठेवलंय कुठं?" नर्सरीवाल्यानं विचारलं.

"हीटरजवळ."

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो ताई, डोंगरातलं झाड हे! हिवाळ्यात गारठ्यात झोपतं. तुम्ही बिचाऱ्याला जागंच ठेवलंत की!" त्यानं नखानं साल खरवडली. आत थोडं हिरवं होतं, थोडं तपकिरी.

"जगेल?"

"काय सांगू? गार जागी न्या, पण सावकाश."

घरी येऊन सांगितलं. बाबा कितीतरी वेळ बाळाच्या झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

"मला वाटायचं, घरात अडचण होते म्हणून ती ते बाहेर काढते. एकदा चिडलोही. जिवंत जीव आहे, म्हटलं, बाहेर काय टाकतेस? नुसती हसली." मग जरा थांबून म्हणाले, "थंडीतलं मला कळतं, सूनबाई. मलाच कसं कळलं नाही?"

तेवढ्यात बाळ रडलं, ते बरंच झालं.

"फळंसुद्धा एकदम गार करत नाहीत," असं पुटपुटत त्यांनी कुंडी आधी हीटरपासून हलवली. मग दाराशी, मग उंबऱ्यावर, आणि आठवड्यानं गॅलरीत. फांदीला शीतगृहातला थर्मामीटर टांगला.

आत्ता बाळ झोपलंय, म्हणून हे चार शब्द लिहितेय. झाड जगलंय की नाही, अजून सांगता येत नाही. काचेपलीकडे बाबांनी झाडाचं जॅकेट काढून स्वतः घातलंय. स्टुलावर बसून ते थर्मामीटर बघतात. "चार," म्हणतात. मला सांगतात की झाडाला, कोण जाणे.

हे लिहितेय तोवर ते उठले. दारापर्यंत आले, थबकले. जॅकेट काढून बाहेरच्याच खुंटीला अडकवलं, आणि मग आत आले.